दोर सोडण्याआधी

तू फायबरची होडी घेतलीस आणि ती देवबागेत कर्ली खाडीत ठेवणार आहेस, असं दादाने फोनवर सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. आपल्या घरात समुद्र पोटापाण्यासाठी होता, हौसेनं त्यावर जाणारा तू पहिलाच. म्हणून हे सविस्तर लिहितोय. आम्ही रोज पाण्यावर असायचो, वारा फिरला की अंगाला कळायचं. तू पुण्याहून अधूनमधून येणार. हाताशी दोन दिवसांची सुट्टी, बरोबर सूनबाई, पोरं, पोरांचे मित्र, आणि सगळ्यांना त्याच सकाळी डॉल्फिन बघायचे. खरा धोका या घाईत आहे. तेव्हा पाण्यावरचे बहुतेक सगळे निर्णय जेटीवर उभं राहून, दोर सोडण्याआधी घ्यायचे. एकदा होडी सुटली की वारा, ओहोटी आणि इंजिन यांच्याकडून सवलत मिळत नाही.

लाइफ जॅकेटपासून सुरुवात करतो. जॅकेट होडीत असणं आणि अंगावर असणं यात जिवाचा फरक आहे. माणसं म्हणतात, वेळ आली की घालू. तशी वेळ मिळत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून आदळली. स्वच्छ दुपार, समुद्र शांत, मुंबई बंदर डोळ्यांसमोर. १५ जीव गेले. अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण बुडाले. त्याआधी २४ मे २०२२ ला आपल्या तारकर्लीत स्कुबाच्या पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. एक भर बंदरातली गोष्ट, एक धरणातली, एक आपल्या दारातली. तिन्ही ठिकाणी किनारा नजरेच्या टप्प्यात होता. पोहता येतं म्हणून जॅकेट नको, हे तर मुळीच ऐकून घेऊ नकोस. डोक्याला मार बसलेला माणूस पोहत नाही, आणि अंगावरच्या पोराला धरून कुणालाही फार वेळ पोहता येत नाही.

जॅकेट विकत घेताना फक्त रंग बघू नकोस. आतल्या पट्टीवर ते किती वजनाच्या माणसासाठी आहे आणि त्याचा तरंग किती न्यूटन आहे, हे छापलेलं असतं. ५० न्यूटनचं असतं ते पोहता येणाऱ्याला खाडीत आधार म्हणून, बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर ठेवेलच असं नाही. समुद्रावर १०० किंवा १५० घे. शिट्टी आणि चमकणारी पट्टी त्यावर असलीच पाहिजे. आता पोरांचं. मोठ्या माणसाचं जॅकेट पट्टे आवळून पोराला घालायचं नाही. त्यांच्या मापाचं आण आणि घरीच तपासून घे. पोराला जॅकेट घाल, सगळे पट्टे लाव आणि दोन्ही खांद्यांवरून जॅकेट धरून त्याला हलकं वर उचल. जॅकेट सरकून हनुवटी आणि कान आत गेले, तर पाण्यात पडल्यावर पोर खाली राहील आणि जॅकेट वर. लहानग्यांच्या जॅकेटाला दोन मांड्यांमधून येणारा पट्टा असतो, तो याचसाठी. पोरं कुरकुरतात म्हणून तोच पट्टा सोडून ठेवला जातो. तू सोडू नकोस. घरातल्या बायकांना साडीवर जॅकेट घालायला अवघड वाटतं. आधी सांगून ठेव, म्हणजे त्या सुटसुटीत कपड्यांत येतील. ओला पदर पायात गुंडाळला की चांगली पोहणारी बाईसुद्धा हतबल होते.

जेटीवर नियम एकच ठेव, जॅकेट बांधल्याशिवाय कुणी होडीत पाऊल ठेवणार नाही. आणि पहिलं जॅकेट तुझ्या अंगावर. तांडेलाने घातलं नाही तर पाहुणा का घालील?

माणसं किती घ्यायची हे बाकांवरच्या जागेवरून ठरत नाही. सर्व्हे झाला की होडीवर आकडा लिहून मिळेल, तो शेवटचा. लहान मूलही त्यात धरायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन कुठे बसतं ते. ‘डॉल्फिन, डॉल्फिन’ अशी हाक आली की सगळे एकाच बाजूला उभे राहतात आणि लहान होडी तिथेच कलते. निघण्याआधी सांगायचं, जनावर कुठल्याही बाजूला दिसलं तरी बसल्या जागेवरून बघायचं, मी होडी फिरवून सगळ्यांना दाखवीन. डॉल्फिनच्या मागे इंजिन लावून धावायचं नाही, वाट अडवायची नाही. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि तसंही इंजिन मंद ठेवून थांबलास तर ते जास्त वेळ जवळ राहतात.

तुझ्या होडीच्या तळाशी पाणी साचू देऊ नकोस. घोट्याएवढं पाणी निरुपद्रवी दिसतं, पण होडी कलली की ते सगळं त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. पंप असला तरी एक बादली दोरीला बांधून ठेव. पंप बिघडतो, बादली बिघडत नाही.

आता पाण्याचं. भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, ते बघच. पण आपल्याकडचा जुना हिशेब डोक्यात असू दे, नेटवर्क नसताना तोच उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. हा हिशेब मुंबईकडे चांगला जुळतो. दक्षिणेकडे, म्हणजे आपल्याकडे, भरती थोडी आधी येते, तेव्हा मिनिटांवर विसंबू नकोस. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि खाडीत ओढ जोरात असते. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाणी सौम्य. पोरांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर भांगाचा दिवस निवड. त्यासाठी सुट्टी पुढे-मागे करावी लागली तरी चालेल.

ओहोटीबद्दल एक गोष्ट मनावर कोरून ठेव, कारण देवबागेत तुझी गाठ रोज तिच्याशीच आहे. कर्लीचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथे तळाला वाळूचा उंचवटा आहे. तो एका जागी राहत नाही, पावसाळ्यानंतर वाट बदललेली असते. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडतं. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो आणि लाटा बरोबर त्या पाण्याच्या तोंडावर आणतो. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा एकमेकांना भिडल्या की लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. सकाळी नऊ वाजता तू ज्या तोंडातून आरशासारख्या पाण्यावरून बाहेर पडलास, तिथेच दुपारी दोनला पांढरा फेस उसळत असेल. सकाळी जाताना पाणी शांत होतं, हा येतानाचा पुरावा नव्हे. म्हणून बाहेर जायचं ते पहाटेच्या मतलई वाऱ्यावर आणि अकराच्या आत खाडीत परत, हा आपल्याकडचा हौशी माणसाचा हिशेब. आणि परतायची वेळ भरती चढत असतानाची पडेल असा दिवस काढ.

उशीर झालाच आणि तोंडावर फेस दिसला, तर आत घुसायची घाई करू नको. बाहेर खोल पाण्यात थांब, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडे ठेव, मोठ्या लाटांचा झोका येऊन जाऊ दे. मोठ्या लाटा एकापाठोपाठ काही येतात, मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत लाटेच्या पाठीवर राहून आत यायचं. लाटेला मागे टाकून पुढे गेलास तर नाळ उतारावर खाली खुपसते, फार मागे राहिलास तर मागची लाट होडीत चढते. आणि काहीही झालं तरी होडी लाटेला आडवी होऊ द्यायची नाही. तरीही मन कचरलं तर बाहेरच भरतीची वाट बघ. दोन तास उपाशी राहिलेलं पोर रडेल, एवढंच. यासाठीच प्यायचं पाणी आणि बिस्किटं माणसांच्या दुप्पट घ्यायची.

पेट्रोलचा हिशेब तिहाईचा. टाकीचा एक भाग जायला, एक यायला, एक हातचा. वारा आणि ओढ समोरून असली की येताना जायच्या दीडपट तेल लागतं, हे शांत पाण्यावर कळत नाही. सुटी टाकी होडीतून उचलून जेटीवर ठेवून भर, माणसं लांब, इंजिन बंद, बिडी-सिगारेट नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाला बसते आणि दिसत नाही. इंजिन सुरू करण्याआधी वाकून तळाशी वास घ्यायची सवय लाव.

तुझ्या आउटबोर्ड इंजिनाला एक लाल गुंडाळीची दोरी येते, एका टोकाला चाप आणि दुसऱ्या टोकाला कडी. बऱ्याच होड्यांत ती इंजिनालाच लटकलेली दिसते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला नाहीतर मांडीला अडकवायची असते. चालवणारा पाण्यात पडला की चाप निघतो आणि इंजिन बंद पडतं. दोरी लावलेली नसेल तर रिकामी होडी गोल फिरत राहते आणि पंखा पडलेल्या माणसावरच येतो. तुझ्यानंतर ज्याच्या हातात सुकाणू जाईल, त्याच्या मनगटाला आधी दोरी, मग सुकाणू. आणि तुझ्याशिवाय आणखी एका मोठ्या माणसाला इंजिन चालू-बंद करता आलं पाहिजे. सूनबाईंना शिकव, पोरगी मोठी आहे तिलाही शिकव. तुला चक्कर आली तर होडी कोण आणील?

कुणी पाण्यात पडलंच तर पहिली हाक ‘माणूस पाण्यात’, आणि एकाने फक्त बोट दाखवून त्याच्यावर नजर ठेवायची, दुसरं काही करायचं नाही. लाटांत नुसतं डोकं दिसतं आणि क्षणभर नजर हलली तरी ते हरवतं. ज्या बाजूला माणूस पडला त्याच बाजूला होडी वळव, म्हणजे होडीचं मागचं अंग आणि पंखा त्याच्यापासून दूर जाईल. रिंग किंवा जे तरंगेल ते फेक. जवळ आलास की इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रलवर नाही. होडी उलटलीच तर तिला सोडायचं नाही. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेली माणसं दमतात. उलटी होडीही तरंगते, आणि शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा होडी आधी दिसते.

पाण्यावरचे रस्त्याचे नियम थोडे आहेत, ते पाठ कर. १९७२ साली ठरलेले तेच नियम जगभर चालतात, आपल्याकडेही. दोन इंजिनाच्या बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडवी येणारी बोट तुझ्या उजव्या हाताला असेल तर वाट तिची. तू वेग कमी कर किंवा तिच्या मागून जा, तिच्या नाळेपुढून कापू नकोस. मागून येऊन ओलांडणाऱ्याने लांबून ओलांडायचं. अरुंद खाडीत उजव्या काठाने राहायचं. वळायचं ते लवकर आणि ठळक, समोरच्याला तुझा बेत कळेल असं. भोंग्याची एक आखूड हाक म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे पंखा उलटा फिरवतोय, आणि पाच म्हणजे तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. बंदरात येताना आपल्या देशात लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. मुंबईकडे कधी होडी घेऊन गेलास तर मोठ्या जहाजापुढे नियमाचा हट्ट धरू नको. त्याला थांबायला लांबच लांब पाणी लागतं, आणि त्याच्या नाळेखालचं तुझं होडकं त्याला दिसतही नाही.

दिवे लागण्याच्या आत घरी यायचं, हे खरं. पण दिवे चालू स्थितीत हवेतच. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, वर चहूकडून दिसणारा पांढरा. अंधारात दुसऱ्या बोटीचा नुसता लाल किंवा नुसता हिरवा दिसला तर ती आडवी जातेय. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ तुझ्यावर येतेय. हिरव्याखाली पांढरा दिसला तर ट्रॉलर जाळं ओढतोय, लालखाली पांढरा म्हणजे दुसऱ्या कुठल्या जाळ्याची बोट. तिच्या मागून जवळून जायचं नाही.

मच्छीमारांबद्दल वेगळं सांगतो, कारण ही माणसं आपली आहेत आणि ती हौसेसाठी पाण्यात उतरलेली नसतात. सकाळी किनाऱ्यावरून रापण ओढत असतील तर दोन्ही बाजूंना दोर धरलेली माणसं दिसतील, आणि पाण्यात अर्धगोल फ्लोटांची रांग. त्या गोलातून होडी घालायची नाही, पूर्ण बाहेरून वळसा घाल. गिलनेट संध्याकाळी टाकलेली असतात, फ्लोट बारीक असतात. पंख्यात जाळं गुंतलं तर तुझं इंजिन बंद पडेल आणि जाळंवाल्याचं महिन्याचं नुकसान होईल. जाळं कापायची वेळ आलीच तर त्याला शोधून सांगून ये आणि भरपाई दे.

नांगर टाकताना दोर आखडता घेऊ नकोस. पाणी दोन वाव असेल तर दहा वाव दोर सोड, वारा असेल तर चौदा. नांगराजवळ थोडी साखळी हवी, तिच्या वजनाने नांगर आडवा ओढला जातो आणि वाळूत रुततो. दोर नेहमी नाळेला बांध. मागे बांधलास तर लाटा सरळ इंजिनावरून आत येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बुडालेले खडक आहेत आणि प्रवाळही आहे. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे नांगर टाकायचा नाही, आणि स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय त्या खडकांत शिरायचंही नाही. परक्या जहाजांना त्या खडकांतून वाट सापडणं अवघड, हेही महाराजांनी किल्ल्यासाठी ती जागा निवडण्यामागचं एक कारण.

हवामानाचा अंदाज आदल्या रात्री बघ आणि सकाळी पुन्हा बघ. हवामान खात्याचा बघ, आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाजही बघ. वारा नसताना दुरून, दक्षिणेच्या महासागरातून येणाऱ्या फुगलेल्या लाटांचा इशारा तिथे मिळतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर होडीचं कव्हरही काढायचं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पूर्वेकडे, सह्याद्रीवर काळे ढग चढू लागले की पाठीमागून वळीव येतो. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसांना तो दिसत नाही, म्हणून अधूनमधून मागे वळून डोंगराकडे बघायचं. पहिला गडगडाट ऐकायच्या आत जेटीला लाग.

२६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तुझी होडी त्या काळात पाण्याबाहेर, उलटी झाकलेली असली पाहिजे. कुणी म्हणेल खाडीत काय होतंय. पावसाळ्यात खाडीला पूर असतो, ओंडके वाहत येतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच दर्या मोकळा समजायची रीत आहे. त्या रीतीमागे खूप घरांनी दिलेली किंमत आहे, तिचा मान ठेव.

कागदपत्रांत टाळाटाळ नको. इंजिनाच्या होडीला नोंदणी, सर्व्हे आणि विमा लागतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आला आहे, आणि आपल्याकडे हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं. बंदर कार्यालयात स्वतः जा, बंदर निरीक्षकांना होडी दाखव, तिला कोणत्या हद्दीत जायची परवानगी आहे ते लेखी घे. नोंदणी क्रमांक दोन्ही बाजूंना ठळक रंगव. मित्राचे मित्र येतील आणि पेट्रोल-पाण्याचे म्हणून पैसे देऊ करतील. घेऊ नकोस. पैसे घेऊन माणूस बसवला की तो धंदा होतो, त्याचे परवाने वेगळे, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिली हीच गोष्ट विचारते. दारूचंही तसंच, चालवणाऱ्याने एक थेंबही नाही, आणि बसणाऱ्यांचं किनाऱ्यावर परतल्यावर. प्यालेला पाहुणा होडीत उभा राहतो.

शेवटी फोन. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात गळ्यात ठेव, पण खाडीबाहेर नेटवर्कचा भरवसा नाही. परवाना काढून व्हीएचएफ सेट घेतलास तर उत्तम. संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनलवर द्यायची. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि पोलिसांचा ११२. हे दोन्ही आकडे सुकाणूजवळ रंगवून ठेव, त्यांच्याशेजारी होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांकही, घाबरलेल्या माणसाला वाचून सांगता येईल असे मोठे.

आणि दर खेपेला निघण्याआधी मला कळवायचं. होडीत कोण कोण आहे त्यांची नावं, पोरांची वयं, कुठल्या दिशेला चालला आहेस, परत किती वाजता. मेसेज पुरे. जागा बदलली तर पुन्हा कळव. परत आल्यावर, होडी बांधल्यावर, अंघोळीआधी मला फोन. सांगितलेल्या वेळेला फोन आला नाही तर मी अर्धा तास थांबेन, देवबागेतल्या पोरांना होडी काढायला सांगेन आणि १५५४ लावेन. तू फक्त फोन करायला विसरला होतास असं नंतर कळलं तरी मी रागावणार नाही.

— काका, मालवण